गोड्या पाण्यातील मासे : कोणते धरावे, कोणते राखावे

मृग नक्षत्र लागून पावसाच्या दोन-चार दमदार सरी कोसळल्या व ओढ्यांना गढूळ पाणी आले, की कोकणात आणि घाटमाथ्यावर गावोगाव एकच लगबग सुरू होते. कोणी पाग खांद्यावर टाकतो, कोणी कामट्यांचा सापळा उचलतो, तर कोणी कोयती व बत्ती घेऊन रात्रीच खाचराच्या बांधावर जाऊन बसतो. नदीतील मासे या वेळी प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत, पऱ्ह्यांत आणि भातखाचरांत शिरत असतात. त्यांनाच कोठे चढणीचे मासे म्हणतात, तर रायगडकडे वलगणीचे मासे म्हणतात. गाबोळीने भरलेला हा मासा चवीस अप्रतिम लागतो आणि तो विकतही घ्यावा लागत नाही. त्यामुळे पहिल्या पावसाचे हे दिवस पुष्कळ गावांत सणासारखे साजरे होतात.

परंतु एरवी गळाला सहजासहजी न लागणारा मासा याच दिवशी इतक्या सुलभपणे हाती का येतो, याचा विचार फारसा केला जात नाही. मासा उथळ पाण्यात येतो तो अंडी घालण्यासाठी. पोट जड झालेले असते, पाणी गुडघाभरही नसते आणि पळून जाण्यास डोह जवळ नसतो. शेतकऱ्याने बियाण्याची कणगी पेरणीच्या आदल्या दिवशी दळून खाल्ली तर त्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. वाहत्या पाण्यातील पिकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करीत आलो आहोत.

मासे खाऊ नयेत असे सांगण्याचा या लेखाचा मुळीच हेतू नाही. मासा हे उत्तम अन्न आहे व ज्या गावात पाणी आहे त्या गावाने ते अवश्य खावे. प्रश्न आहे तो निवडीचा. कोणत्या पाण्यातील, कोणत्या जातीचा, केवढा आणि कोणत्या दिवसांत धरलेला मासा आपण ताटात घेतो, यावर पुढील वर्षी त्या पाण्यात काही उरेल की नाही हे अवलंबून असते.

तळ्याचा नियम निराळा, नदीचा निराळा

सर्वांत प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की सर्व पाण्यांना एकच नियम लागू पडत नाही. गावतळे, शेततळे व पाझर तलाव यांत आपण बहुधा कटला, रोहू व मृगळ हे मासे सोडतो. मूळचे उत्तरेकडील नद्यांतील हे मासे साचलेल्या पाण्यात चांगले वाढतात, पण तेथे सामान्यतः अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना पावसाळ्यातील वाहते व चढते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश आले आणि मत्स्यबीज केंद्रांतून हवे तेवढे बीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

यावरून तळ्यापुरता नियम सरळ निघतो. तळ्यातील मोठा रोहू पुढील पिढीसाठी राखून ठेवण्यात काही लाभ नाही, कारण तेथे तो पिढी वाढविणारच नाही. त्याला एक किलोच्या आसपास वाढू द्यावे व मग काढून घ्यावे. चांगल्या खतावलेल्या तळ्यात बोटुकलीस हे वजन गाठण्यास साधारण एक वर्ष लागते. त्यापूर्वी पावशेराचा मासा काढणे म्हणजे निसवण्यापूर्वीच ज्वारी कापण्यासारखे होय. मोठा मासा वेळेवर काढल्याने मागे राहिलेल्या लहानांना खाद्य व प्राणवायू अधिक मिळतो, हा आणखी एक फायदा.

मरळ व शिंगटी यांसारखे मांसाहारी मासे तळ्यात असतील तर ते मत्स्यबीज सोडण्यापूर्वी, उन्हाळ्यात पाणी कमी असतानाच, धरून खाण्यास वापरावेत. ते तसेच राहिले तर विकत आणलेली बोटुकली त्यांच्याच पोटात जाईल.

नदीत मात्र हा नियम बरोबर उलटा होतो. तेथील मासा स्वतःच आपले बीज तयार करतो. तेथे मरळ हा शत्रू नसून त्या पाण्याच्या घडीतील एक आवश्यक घटक आहे. रोगट व दुर्बळ मासे खाऊन तो लहान माशांची संख्या आटोक्यात ठेवतो. तळ्यातून जो काढावयाचा तोच नदीत राखावयाचा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटली तरी शेतकऱ्यास ती कठीण वाटू नये. हरभऱ्याच्या शेतात उगवलेले ज्वारीचे ताट आपण तण म्हणून उपटतो, पण ज्वारीच्या शेतात त्याचीच निगा राखतो.

नदीतील माशाची निवड : मधला घ्यावा

नदीतील माशांपैकी एकदाही अंडी न घातलेला लहान मासा सोडून द्यावा, हे बहुतेकांना पटते. पण सर्वांत मोठी मादीही सोडावी, हे चटकन पटत नाही. ‘एवढा मोठा मासा हाती आला आणि सोडायचा?’ असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

याचे उत्तर गाबोळीत आहे. मादीचे वजन जसे वाढते तशी तिच्या पोटातील अंड्यांची संख्या वाढते. रोहूच्या मादीत दर किलो वजनामागे लाख-दीड लाख किंवा त्याहूनही अधिक अंडी असतात. म्हणजे चार किलोची एक मादी ही एक किलोच्या चार माद्यांचे काम एकटी करते. शिवाय तिने अनेक पूर व अनेक उन्हाळे पाहिलेले असतात. त्या नदीत टिकून राहण्याचे अंगचे गुण असल्यावाचून ती एवढी वाढलीच नसती. अशा मादीचे बीज नदीत राहणे हे गावाच्या हिताचे आहे. म्हणून नदीपुरता नियम असा सांगता येईल, की लहान सोडावा, थोरली मादी सोडावी आणि मधला मासा ताटात घ्यावा.

चढणीच्या माशांच्या बाबतीत ही निवड वेळेनुसार करावी लागते. पहिल्या पुराचे आठ-दहा दिवस मासा निर्वेधपणे वर जाऊ द्यावा. त्यानंतर सापळा लावावयाचा तर तो प्रवाहाच्या संपूर्ण रुंदीत कधीही लावू नये, निदान निम्मा प्रवाह मोकळा ठेवावा. अंडी घालून परत उतरणारा मासा धरल्यास नुकसान पुष्कळ कमी होते. पावसाळा सरताना खाचरांतील पाणी आटू लागते व जे मासे डबक्यांत अडकतात त्यांना नदीची वाट उरलेली नसते. ते खुशाल धरावेत. त्यांतील बोटभर पिले मात्र घमेल्यात घालून जवळच्या ओढ्यात नेऊन सोडावीत. अर्ध्या तासाच्या या श्रमाचे मोल पुढील हंगामात कळून येते.

मरळीची पिले

पुष्कळ जातींचे मासे अंडी घालून निघून जातात, परंतु मरळ तसे करीत नाही. मरळीची जोडी पाणवनस्पतींत जागा साफ करून तेथे अंडी घालते व नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. पिले बाहेर पडल्यावर ती तांबूस-नारिंगी रंगाच्या दाट थव्याने पृष्ठभागाशी फिरू लागतात व खाली आईबाप पहारा देत असतात. गळकऱ्यांना ही खूण चांगली ठाऊक असते. थवा दिसला की त्याखाली गळ सोडावयाचा, म्हणजे रागावलेली मरळ हमखास त्यावर झडप घालते.

असा धरलेला एक मासा हा एका माशाचा हिशेब नसतो. पहारा उठताच बेडूक, खंड्या व इतर मासे पिलांचा फडशा पाडतात. शेकडो पिलांच्या जागी एका वेळचे कालवण, असा हा व्यवहार आहे. तळ्यातील मरळ काढावयाची असेल तर ती उन्हाळ्यातच काढावी. नदी-ओढ्यात मात्र पिलांचा थवा दिसेल तेथे गळ टाकू नये.

पाहुण्या माशांची गय नको

काही मासे असे आहेत की ज्यांना राखण्याचे कारण नाही. त्यांत पहिला मान चिलापीचा, म्हणजे तिलापियाचा. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी व पिले तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिलांची हानी अल्प होते. दोन-तीन महिन्यांतच हा मासा वयात येतो व वर्षातून अनेक वेळा वीण देतो. परिणामी थोड्याच काळात तळे बोट-दीड बोट लांबीच्या चिलापीने भरून जाते, त्यांतील एकही धड वाढत नाही, आणि रोहू-कटल्याचे खाद्यही ते फस्त करतात. भीमेवरील उजनी जलाशयात चिलापी इतकी रुळली आहे की भिगवण-इंदापूर भागातील खाणावळींत तिला मोठी मागणी असते. ही मागणी इष्टच आहे. चिलापीला काटे कमी व मांस घट्ट असते. ती लहान असो वा मोठी, पाण्यातून जितकी काढाल तितके चांगले. गळाने किंवा पागाने ती काढावी व त्यात आलेली रोहू-कटल्याची पिले जिवंत परत सोडावीत. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवानगीने बंदिस्त तळ्यांत सुधारित जातीच्या तिलापियाचे संवर्धन केले जाते, ती बाब निराळी.

दुसरा पाहुणा म्हणजे आफ्रिकन मागूर. बाजारात त्यास थाई मागूर असेही म्हणतात. हा अत्यंत खादाड मासा इतर मासे, बेडूक, जे सापडेल ते खातो व ओलसर जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आहे. हा मासा तळ्यात पाळू नये, त्याचे बीज स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, आणि जाळ्यात आल्यास परत पाण्यात सोडू नये. शोभेच्या काचपेटीतील मासे कंटाळा आला म्हणून नदीत सोडण्याची शहरी रीतही अशीच घातक आहे.

परका मासा म्हणजे केवळ परदेशी मासा, असेही समजू नये. आपल्या दख्खनच्या नद्यांतील महाशीर हा थोर मासा. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे बीज तयार केले जाते. हेच बीज कावेरी नदीत सोडले गेले, तेव्हा तेथील स्थानिक, पाठीला वशिंड असलेला महाशीर मागे हटत गेला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. एका नदीचे भूषण दुसऱ्या नदीचे संकट ठरू शकते, हे यावरून दिसून येईल. म्हणून तज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून वाहत्या पाण्यात कोणताही मासा सोडू नये.

साधनही निवडूनच वापरावे

कोणता मासा धरावयाचा हे मनाशी ठरविले, पण साधन चुकीचे असले तर ठरविल्याचा उपयोग नाही. गळ हे सर्वांत निवडक साधन होय, कारण नको असलेला मासा जिवंत सोडता येतो. त्याला ओल्या हातांनी धरावे. कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व मासा पुढे बुरशीने मरतो. पाग टाकणाऱ्यासही निवड करता येते. उभ्या लावलेल्या जाळ्यात मासा कल्ल्याशी अडकून मरतो, म्हणून तेथे निवड आधीच, जाळ्याच्या आसातून, करावी लागते. ज्या आसातून अर्ध्या किलोचा मासा सहज पार होतो, असेच जाळे रोहू-कटल्याच्या जलाशयात वापरावे. मच्छरदाणीच्या कापडाने पाणी गाळणे म्हणजे मत्स्यजिऱ्यापासून सर्वांचा एकदम निकाल लावणे होय.

सुरुंग, विजेचा प्रवाह, विरंजक चूर्ण व कीटकनाशके यांना तर निवड ठाऊकच नसते. दहा मासे हाती येतात व हजार तळाशी कुजतात. रामेठ्याची साल किंवा गेळ्याची फळे कुटून पाणी माजविण्याची रीत डोंगराळ भागात जुनी आहे, परंतु तिच्यातही लहान-मोठे सारेच सापडतात. सुरुंगाने वा विषाने मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच मनाई केली होती. कायद्याचा धाक बाजूस ठेवला तरी कीटकनाशकाने मारलेला मासा खाणाऱ्याच्या पोटात विषच नेतो, आणि त्याच पाण्यावर गुरेही येत असतात, याचा विसर पडू नये.

ताटातील निवड

मोठा तुकडा म्हणजे अधिक पोषण, ही समजूत पूर्णपणे बरोबर नाही. शंभर ग्रॅम माशात साधारणपणे १६ ते १९ ग्रॅम प्रथिने असतात व हे प्रमाण लहान-मोठ्यांत फारसे बदलत नाही. मात्र बोटभर लांबीचे मासे डोके व काटे यांसह खाल्ले जातात. त्यामुळे हाडांतील चुना आणि डोळे व यकृत यांतील अ जीवनसत्त्व आपणास मिळते. मोठ्या माशाच्या तुकड्यात ते बहुतांशी मिळत नाही. वाढत्या मुलांना व गर्भवती स्त्रियांना हे लहान मासे विशेष हितकर आहेत. येथे लहान मासा म्हणजे मोठ्या जातीचे पिलू नव्हे. जे मासे पूर्ण वाढूनही बोटभरच राहतात, ते होत. या जाती लवकर वयात येतात व लवकर वाढतात, म्हणून त्यांचा उपसा नदीस तितकासा जड जात नाही. त्यांची सुकी करून ठेवल्यास पावसाळ्यानंतरही कोरड्यास होते.

उलटपक्षी, दीर्घायुषी मांसाहारी माशांच्या शरीरात पाण्यातील पारा व इतर जड धातू साठत जातात. शहराचे सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी मिसळते त्या पट्ट्यातील मासे, विशेषतः तळाशी राहणारे मोठे मासे, टाळावेत. विकत घेताना कल्ले लाल, डोळे चकचकीत व मांस दाबल्यास पुन्हा वर येणारे असावे. तळ्यातील माशास मातीचा वास येत असेल तर तो जिवंतपणी एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवावा, अथवा कापल्यावर मीठ व चिंचेचा कोळ लावून ठेवावा. गोड्या पाण्यातील मासा नेहमी पूर्ण शिजवूनच खावा. रोहू-कटल्याचे कच्चे पित्ताशय औषध म्हणून गिळण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती अत्यंत घातक आहे. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होतात. मासा साफ करताना पित्ताची पिशवी न फोडता काढून टाकावी.

गावाने करावयाच्या गोष्टी

एकट्याने मासा सोडला व पुढच्या वळणावर दुसऱ्याने तो धरला, तर सोडणारा फार दिवस सोडणार नाही. म्हणून निवडीचा हा नियम गावाने मिळून ठरविला पाहिजे. ही कल्पना आपणास नवी नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील महाशीर मासे देवीचे म्हणून राखले जातात. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातही अशीच राखण आहे. उन्हाळ्यात नदी तुटून तिचे डोह उरतात, तेव्हा साऱ्या नदीचे बियाणे त्या डोहांतच गोळा झालेले असते. एक डोह राखला तर पावसाळ्यात त्यातून कोसभर नदी पुन्हा भरून निघते. पूर्वजांनी देवाच्या नावाने घातलेला हा निर्बंध शास्त्राच्या कसोटीसही उतरतो.

१८३९ साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने अनेकांना लोकांच्या तोंडची नावेच दिली. मुल्या, नुक्ता, कोलुस, खुद्री ही नावे आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहेत. ज्या नद्यांवरून ही नावे तिकडे गेली, त्या नद्यांत ते मासे राहावेत ही जबाबदारी काठावरील गावांचीच आहे.

तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने व मच्छीमार सहकारी संस्थेने पावसाळा सुरू होण्यापूर्वी एक बैठक घ्यावी व तीत चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली, चढणीचे किती दिवस मासा धरावयाचा नाही. दुसरी, गावच्या हद्दीतील कोणता डोह बारमाही राखावयाचा. तिसरी, कोणते जाळे वापरावयाचे नाही. चौथी, चिलापी व इतर पाहुणे मासे काढण्यासाठी उन्हाळ्यात कोणता दिवस नेमावयाचा. ठरलेले चावडीवर लिहून लावावे. तळ्याच्या बाबतीत तालुक्याच्या अगर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून बीज व सल्ला मिळतो, त्याचा लाभ घ्यावा. या चार गोष्टींस पैसा लागत नाही, फक्त एकमत लागते. ते झाले तर चढणीच्या माशाचा सण आपल्या मुलांनाही पाहावयास मिळेल.